मुलगा बरा आहे

५ जानेवारी २०२५
बोगद्याचा कॅम्प, हिमाचल

आत्या,

पाया पडतो. इथे जगातली सगळ्यात खतरनाक थंडी आहे. रोज सकाळी मी मरतो आणि चहा प्यायल्यावर परत जिवंत होतो. जेवण म्हणजे विष. राजमा बघितला की जीव जातो. मुकादम राक्षस आहे. डोंगर मात्र असे आहेत की माणसाला वेड लागेल, मला लागलंच आहे. एकंदर मजेत आहे.

मोबाईलला रेंज नाही. अठरा किलोमीटर खाली बाजारात उतरलं तरच लागतो, आणि तिथे रविवारीच सोडतात. म्हणून पत्र. रेशनची गाडी बुधवारी आणि शनिवारी खाली जाते, तिच्याबरोबर टाकतो. नववी नापास माणसाने पत्र लिहायचं म्हणजे समोरचा डोंगर उचलण्यासारखं आहे, तरी तुझ्यासाठी उचलतोय.

आता काम बदललं. आधी दगड भरायचो, आता मोजणीवाले रतनदादा आहेत त्यांच्या हाताखाली. ते तीन पायांच्या दुर्बिणीतून बघतात आणि मी लांब काठी धरून उभा राहतो. हलायचं नाही. आत्या, मला आजवर कुणी दोन मिनिटं एका जागी उभं केलं नव्हतं, अगदी शाळेतसुद्धा नाही. भयानक बोअर. होळीपर्यंत हेही सोडीन म्हणतो.

ताईला सांग, तिची प्रचंड म्हणजे प्रचंड आठवण येते.

तुझा,
उत्तरेश्वर


१८ जानेवारी २०२५
सदाशिव पेठ, पुणे

चि. उत्तरेश्वर यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. त्यावरून तू मेला आहेस, विष खाल्लं आहेस, तुला वेड लागलं आहे आणि तू मजेत आहेस असं समजलं. यातलं नक्की काय ते कळव, म्हणजे स्वेटर पाठवायचा की नाही ते ठरवते.

थंडी किती आहे? 'खतरनाक' हे माप मी वजनमापं खात्यात एकतीस वर्षं नोकरी करून कधी पाहिलं नाही. तिथे एक भाजीवाला होता. काट्याच्या पारड्याखाली लोहचुंबक चिकटवायचा. त्याला वाटायचं आपण हुशार. महिन्याभरात सगळी पेठ त्याचा किलो पाऊणच धरायला लागली. पुढे आम्ही चुंबक काढलं, त्याने खरा किलो दिला, तरी बायका पाऊणच धरायच्या. तू 'प्रचंड आठवण येते' लिहिलंस ते दीपमालेने वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे अधूनमधून येते वाटतं."

आता कामाचं. दीपमाला दवाखान्यात डोळ्यांचे नंबर काढते, तिथे दिवाळीत वारज्याच्या कोणी कांताबाई आपल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. मूळचे वर्ध्याकडचे, दहा वर्षं इथे आहेत. त्यांनी आता मुलासाठी दीपमालेला मागणी घातली आहे. बायोडेटा आला आहे. त्यात मुलगा 'अत्यंत सुस्वरूप, असामान्य बुद्धिमान, लाखात एक' असा आहे. पुण्यात लग्नाची सगळीच मुलं लाखात एक असल्यामुळे त्यावरून काही कळलं नाही. कळलं ते एवढंच, की तो हिमाचलात बोगद्यावर मोजणीदार आहे आणि त्याचं नाव रतन.

तुझे रतनदादा ते हेच. तू रोज त्याच्यासमोर उभा असतोस. माणूस कसा आहे ते लिही.

मंदाकिनी


३० जानेवारी २०२५
बोगद्याचा कॅम्प

आत्या!!!

रतनदादा?? आपले रतनदादा?? अगं मी वाचून जमिनीवर पडलोच. देवमाणूस आहे देवमाणूस! हिरा! असा माणूस शोधून सापडणार नाही, दिवा घेऊन शोध, सर्चलाइट घेऊन शोध. एक नंबर, कडक, विषय संपला. ताईचं नशीब फळफळलं. डोळे मिटून हो म्हण. उशीर केलास तर मी इथून उडी मारीन.

त्यांना मी अजून काही बोललो नाही. पण त्यांना माहीत असणार, कारण परवा उगाचच मला विचारलं, "तुझी बहीण कोणत्या दवाखान्यात आहे म्हणालास?" मी कधी म्हणालोच नव्हतो!

थंडीचं विचारलंस. सकाळी बादलीतलं पाणी बोटाने वाजवलं की वाजतं. स्वेटर पाठव.

उत्तरेश्वर


९ फेब्रुवारी २०२५
सदाशिव पेठ

चि. उत्तरेश्वर यास आशीर्वाद.

बादलीचं वाक्य चांगलं आहे. त्यावरून स्वेटर विणायला घेतला. बाकीच्या पत्रावरून काहीही करता आलं नाही.

तू यापूर्वी ज्यांना 'देवमाणूस' म्हणालास ते मला आठवतात. एक, वारज्याच्या गॅरेजचा मालक, ज्याच्याकडून तू अकराव्या दिवशी पळून आलास. दुसरा, बुधवार पेठेतला मोबाईल दुरुस्तीवाला, ज्याने तुझाच मोबाईल दुरुस्त केला नाही. तिसरा, आमच्या समोरच्यांचा कुत्रा. रतन यांपैकी कोणासारखा आहे?

हे बघ, चेष्टा पुरे. तुमचे आईवडील गेल्यावर दीपमाला माझ्याकडे आहे, आणि तिचं आयुष्य मी तुझ्या 'एक नंबर'वर टाकणार नाही. पत्रिका मी बघत नाही. मुलाला मी पाहिलेलं नाही. तुझ्याशिवाय मला दुसरे डोळे नाहीत. मोठा शब्द लिहावासा वाटला की पेन खाली ठेव. त्या माणसाने काय केलं, काय म्हणाला, ते तू स्वतः पाहिलं असशील तरच लिही. वाईट असलं तरी लिही. वाईट असलं तर आधी लिही.

मंदाकिनी


२४ फेब्रुवारी २०२५
बोगद्याचा कॅम्प

आत्या,

पाया पडतो. तुझं पत्र आल्यापासून मी रतनदादांकडे बघतोय. जेवताना बघतो, बूट काढताना बघतो. चौथ्या दिवशी त्यांना संशय आला. म्हणाले, "माझ्या तोंडाला काही लागलंय का?" मी म्हटलं नाही. म्हणाले, "मग काठीकडे बघ."

वाईट आधी लिही म्हणालीस म्हणून लिहितो. घोरतात. माझ्या विनोदांना हसत नाहीत. एकदाच हसले, मी चिखलात पडलो तेव्हा. भाजी कशी झाली असं आचाऱ्याने विचारलं तर "मीठ कमी" म्हणतात, तेही सगळ्यांसमोर, म्हणून आचारी त्यांना शेवटची पोळी देतो.

गेल्या महिन्यात मला ताप होता. त्यांच्याकडे हीटर आहे. मला दिला नाही. थंडीत दुर्बिणीच्या बॅटऱ्या बसतात, म्हणून हीटर बॅटऱ्यांना लावला. मला त्यांची गोधडी दिली. त्यांच्या आईने शिवलेली आहे, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. ते स्वतः त्या तीन रात्री कोट घालून झोपले. हे मला आचाऱ्याने सांगितलं असं लिहिणार होतो, पण मी पाहिलंच होतं.

बोगद्यात पाणी साचतं. एक दिवस दोन तास उभं राहायचं होतं आणि गमबुटाचा एकच धड जोड होता. तो मला दिला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "तू हललास तर माप चुकेल. मी हललो तर काही होत नाही."

रविवारी बाजारात उतरलो की आईला फोन करतात. मी घड्याळ लावलं. चोवीस मिनिटं. त्यात हे बोलले ते असं, "जेवलीस? गोळी घेतलीस? हं." मग तेवीस मिनिटं हं. पण फोन कानावरून काढला नाही, चहा थंड झाला तरी.

आणि गेल्या सोमवारी बोगदा आरपार झाला. दोन्ही बाजूंनी खणत आले होते, मधली भिंत पडली आणि पलीकडची माणसं दिसली. आम्ही नाचलो. साहेब ओरडले, "वर्ल्ड क्लास! इतिहास घडवला!" रतनदादा दुर्बीण लावून बसले. मग म्हणाले, "चौदा मिलिमीटर डावीकडे आलंय." पन्नासपर्यंत चालतं, आत्या. साहेब म्हणाले, "अरे दहा लिही, बरं दिसतं." यांनी वहीत चौदा लिहिले, खाली सही केली, आणि मग नाचायला आले. नाचता येत नाही.

एवढंच पाहिलं. मधे बारा वेळा मोठे शब्द आले, बारा वेळा पेन खाली ठेवलं. म्हणून सहा दिवस लागले.

उत्तरेश्वर


६ मार्च २०२५
सदाशिव पेठ

चि. उत्तरेश्वर यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचता आलं. दीपमालेने दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मागायला आली तेव्हा मी म्हटलं, झेरॉक्स काढून आण.

आमच्याकडून होकार आहे. होकार-नकार लेखी असावा, म्हणून कांताबाईंना आजच पत्र टाकलं. मजकूर असा: 'मुलगा बरा आहे. मुलगीही बरी आहे. आमची हरकत नाही. आपलं कळवावं.'

स्वेटर पाठवला आहे. बरा झाला आहे.

मंदाकिनी


१५ मार्च २०२५
सदाशिव पेठ

उत्तऱ्या,

हे पत्र आत्याला न सांगता लिहितेय. सगळं फिसकटलंय.

कांताकाकूंचा फोन नाही, निरोप नाही. माझ्याबरोबर काम करणारी अवनी त्यांच्याच सोसायटीत राहते, तिच्याकडून कळलं. काकूंनी आत्याचं पत्र जिन्यातच उघडलं आणि तीन शेजारणींसमोर वाचलं. 'मुलगा बरा आहे.' शेजारणी म्हणाल्या, "बरा? म्हणजे नको असेल, सभ्यपणे सांगतायत." काकूंनी ते पत्र देवघरात ठेवायला घेतलं होतं म्हणे, ते फ्रिजवर टाकलं. आता बाणेरचं एक स्थळ आलंय. त्या लोकांनी लिहिलंय, 'आपले सुपुत्र म्हणजे अनमोल रत्न, आम्ही धन्य झालो.' रामनवमीला तिकडे जायचं घाटतंय.

मी आत्याला म्हटलं, "अगं, एखादा शब्द वाढव. 'छान' तरी म्हण." तर म्हणाली, "मी 'बरा' म्हटलंय. हा शब्द मी आजवर कुणाला दिला नव्हता." खरंच आहे रे. मला दहावीला शहाऐंशी टक्के पडले तेव्हा ती 'हं' म्हणाली होती. पण हे वारज्याला कोण सांगणार? तिथे शेजारच्या पोराने सायकलचे पेडल मारले तरी 'अमेझिंग' म्हणतात. अशा ठिकाणी 'बरा' म्हणजे शिवीच.

आणि तुला म्हणून सांगते, मला तो हवाय. दिवसभर मी लोकांना काचा बदलून विचारते, "हे बरं की हे?" कुठलीही काच लावा, लोक म्हणतात, "वॉव, एकदम क्लिअर!" आणि आठ दिवसांनी डोकं धरून परत येतात. दिवाळीत हा बसला होता खुर्चीत. म्हणाला, "मला फरक कळत नाहीये. परत दाखवा." मी परत दाखवलं. "अजून एकदा." अकरा वेळा दाखवलं. बाहेर रांग होती. मला कंटाळा आला नाही. जाताना म्हणाला, "तुम्हाला त्रास दिला," आणि गेला. मी तेव्हापासून बघतेय, दुसरं कुणी 'मला कळत नाहीये' म्हणतं का. एकही नाही.

त्याच्या मनात काय आहे तेवढं विचारून कळव. नसेल काही तर तसं कळव. आणि कृपा करून तुझ्या डोक्याने काही करू नकोस.

ताई


२५ मार्च २०२५
बोगद्याचा कॅम्प

ताई,

तुझं पत्र वाचून मी थेट त्यांच्याकडे गेलो. ते दुर्बिणीच्या काचा पुसत होते. जसं बोलणं झालं तसं लिहितो.

मी म्हटलं, "दादा, माझी बहीण तुम्हाला पसंत आहे का?"

"हो."

"हो म्हणजे किती?"

"'हो'ला किती नसतं."

"नाही, पण म्हणजे... खूप हो की साधं हो? आईंनी बाणेरचं ठरवलं तर?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. म्हणाले, "आईला मी रविवारी सांगितलंय, मला नंबर काढणारीच करायची आहे. आई म्हणते, त्यांना तू नुसता बरा वाटतोस. जिथे माझ्या पोराची किंमत नाही तिथे मी जाणार नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हं."

ताई, त्या 'हं'ला मी घड्याळ लावलं नाही, पण त्यानंतर ते तीच काच पुसत होते, पंधरा-वीस मिनिटं. ती आधीच स्वच्छ होती.

तू काळजी करू नकोस. मी काही करणार नाही. म्हणजे वेडंवाकडं काही नाही.

उत्तऱ्या


२५ मार्च २०२५

श्री. बाबुराव व सौ. कांताबाई यांच्या चरणी मंदाकिनीचा कोटी कोटी दंडवत!

आपलं स्थळ आल्यापासून आमच्या घरात आनंदाचा महापूर आला आहे. मागच्या पत्रात मी 'बरा' लिहिलं कारण आनंदाने हात कापत होता आणि मोठा शब्द लिहिता येईना. आपले रतनराव म्हणजे साक्षात कोहिनूर! असा मुलगा अखंड भारतात नाही, नेपाळातही नाही. तो चौदा मिलिमीटर चुकला तर चौदाच लिहितो. आमची दीपमाला रूपाने अप्सरा, बुद्धीने सरस्वती, स्वयंपाकात अन्नपूर्णा. तिला आपला मुलगा मनापासून पसंत आहे. ती गेल्यावर माझं घर ओसाड पडेल, पण आपल्यासारखे देवतुल्य व्याही मिळाल्यावर मला सात जन्म काही नको.

तरी रामनवमीच्या महामंगल मुहूर्तावर सहकुटुंब सहपरिवार आमच्या झोपडीला पाय लावावेत. पंचपक्वान्नांचा बेत आहे!

आपल्या पायाची धूळ,
मंदाकिनी, सदाशिव पेठ


७ एप्रिल २०२५
सदाशिव पेठ

उत्तरेश्वर,

आशीर्वाद लिहिलेला नाही, हे लक्षात आलं असेलच.

काल रामनवमीला दुपारी साडेबाराला दार वाजलं. मी पिठल्याला फोडणी देत होते. उघडलं तर जिन्यात चौदा माणसं. सगळ्यात पुढे एक बाई पैठणीत, हातात पेढ्यांचा पुडा. त्या माझ्या गळ्यातच पडल्या. "मंदाताई, काय लिहिता वो तुम्ही! मी रडली वाचून!"

मी म्हटलं, "आपण कोण?"

मागून एक सद्गृहस्थ म्हणाले, "मी बाबुराव. ही कांता. पायधूळ घेऊन आलो आहोत." त्यांचे बूट खरोखरच धुळीचे होते.

चौदा माणसांना आत घेतलं. खुर्च्या चार. कांताबाईंनी पर्समधून पत्र काढून माझ्या हातात दिलं, आणि म्हणाल्या, अक्षर जरा बिघडलंय, पण आनंदाने हात कापतोय असं तुम्हीच लिहिलंय. मी पाकीट पाहिलं. शिक्का हिमाचलचा. त्यांनी तो पाहिला नव्हता. इतकी स्तुती मिळाल्यावर पाकीट कोण बघतं? मी उभ्याउभ्या सगळं वाचलं. 'आपल्या पायाची धूळ' इथपर्यंत वाचलं. एकतीस वर्षं मी खोट्या वजनांवर शिक्का मारला नाही, आणि माझ्या नावाने नेपाळपर्यंतची हमी गेली होती.

तेवढ्यात एक काका म्हणाले, "पंचपक्वान्नांचा वास येत नाही अजून."

मी म्हटलं, "डब्यात अकरा लाडू आहेत." सुरीने अर्धे केले. बावीस झाले. माणशी एक, आठ उरले. बाबुरावांनी त्यातले तीन घेतले. ते गृहस्थ मला आवडले.

कांताबाईंच्या मात्र लक्षात आलं होतं. त्यांनी लाडू हातात तसाच धरला. "ताई, हे पत्र तुमचंच ना?"

दीपमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला दिसत होतं, मी नाही म्हटलं की संपलं. आणि हो म्हणणं मला येत नाही.

मी म्हटलं, "कागद माझा नाही. माझ्या भाच्याचा उद्योग आहे. पण यातलं माझं काय आहे, ते तुमच्यासमोर सांगते." पेन्सिल घेतली, त्यांच्या शेजारी बसले, आणि एकेक ओळ वाचत जे माझं नाही ते खोडत गेले. कोटी कोटी खोडलं. महापूर खोडला. कोहिनूर खोडला. भारत आणि नेपाळ खोडले. बाबुराव म्हणाले, "भारत तरी ठेवा." मी म्हटलं, "मी सगळा पाहिलेला नाही." अप्सरेवर दीपमालाच म्हणाली, "खोड ते." अन्नपूर्णा खोडताना मी कांताबाईंना सांगितलं, "पोळ्या जाड करते. भाजी चांगली करते. चुकली की कबूल करते. मला गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सव्वा महिना रजा काढून घरी होती, आणि एकदाही ते बोलून दाखवलं नाही."

कांताबाई मग म्हणाल्या, "ताई, माझ्या थोरलीच्या वेळी त्यांनी लिहिलं होतं, सोन्यासारखी ठेवू. आता पोरगी वर्षातून एकदा येते, तेही दोन दिवस. तरी पण मला वाटते, कुणी माझ्या पोराला मोठं म्हणावं. काहून वाटते, कुणास ठाऊक."

मी म्हटलं, "वाटू द्या. पण मी म्हणणार नाही. मी 'बरा' म्हणते, आणि मरेपर्यंत तो शब्द परत घेणार नाही."

त्यांनी खोडलेला कागद हातात घेतला. वाक्यं उरली होती फार तर तीन. चौदा मिलिमीटरचं, दीपमालेच्या पसंतीचं, आणि एक माझ्याकडून नजरचुकीने खोडायचं राहिलं ते. त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं, कागदाची घडी घातली आणि लाडू खाल्ला. म्हणाल्या, "लाडू बरा आहे."

वैशाखात लग्न आहे.

तू केलंस ते चूक होतं. त्याचा परिणाम काय झाला यावर चूक कमी-जास्त होत नाही. पुण्याला आलास की मला भेटायला येऊ नकोस. लग्नाला ये. तिथे मी असेनच.

मंदाकिनी

ता. क. शिक्षा म्हणून तुझं होळीपर्यंत काम सोडायचं काय झालं ते विचारत नाही.


७ एप्रिल २०२५
सदाशिव पेठ

उत्तऱ्या,

आत्याचं पत्र आणि हे, दोन्ही एकाच पेटीत टाकतेय. तिने मला तिचं वाचून दाखवलं. त्यात एक गोष्ट खोटी आहे.

'ती गेल्यावर माझं घर ओसाड पडेल.' हे तू लिहिलं होतंस ना रे गाढवा? मी तिच्या मागेच उभी होते. तिथे पेन्सिल आली. टेकली. आम्हाला वाटलं आता खोडते. तिने ती ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचली. मग पेन्सिल उचलली आणि पुढच्या 'देवतुल्य व्याही'वर नेऊन ते इतकं जोरात खोडलं की कागद फाटला.

कांताकाकूंनी पाहिलं. म्हणाल्या, "ताई, हे राहिलं."

आत्या म्हणाली, "राहू दे."

काकूंनी तिचा हात धरला. चौदाच्या चौदा माणसं गप्प. उत्तऱ्या, वर्ध्याची माणसं पाच मिनिटं गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

ते गेल्यावर आत्याने पिठलं परत गरम केलं. मी म्हटलं, "आत्या, वारजं इथून सात किलोमीटर आहे." म्हणाली, "आठ. मी मोजलंय."

लग्नाआधी तिच्याशी बोल. आणि पुन्हा असं काही केलंस तर तंगडं मोडीन. हा शब्द मोजून वापरलाय.

ताई


१९ एप्रिल २०२५
बोगद्याचा कॅम्प

आत्या,

पाया पडतो, लांबूनच.

चुकलो. याच्यापुढे काही लिहीत नाही, कारण जे सुचतंय ते सगळं तू खोडशील.

तुझं पत्र परवा आलं, पण गेल्या रविवारीच बाजारात फोनवर कळलं होतं. रतनदादांनी आईला फोन लावला. आधी "जेवलीस?" मग "गोळी घेतलीस?" मग बराच वेळ हं. मी शेजारी उभा होतो. मधेच त्यांचं हं थांबलं. मग म्हणाले, "बरं." फोन खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "झालं."

मी तिथेच सगळं कबूल केलं. पत्र मी लिहिलं, तुझ्या नावाने लिहिलं, कोहिनूर, नेपाळ, सगळं. ते ऐकत राहिले. विचारलं, "त्यांनी किती ठेवलं?" मला तेव्हा माहीत नव्हतं. परवा तुझं आणि ताईचं पत्र आल्यावर सांगितलं, तीन वाक्यं राहिली, आणि कोणती ते सांगितलं. चौदाचं ऐकून त्यांनी मान हलवली. पसंतीचं ऐकून माझ्याकडे पाठ केली. तिसरं ऐकल्यावर म्हणाले, "आठवड्यातून दोनदा जाईल ती. मी सुट्टीवर असलो तर मीही." मी लिहून घेतलंय, कारण एवढं लांब वाक्य ते पहिल्यांदा बोलले.

काम सोडलेलं नाही. पलीकडच्या बोगद्याची मोजणी सुरू झाली आहे, लग्नापर्यंत आहे.

फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नव्या तोंडापाशी गेलो. त्यांनी दुर्बीण उभी केली, तिचे तीन पाय नीट रोवले, वाकून डोळा लावला. मी समोर चाळीस मीटरवर काठी धरून उभा. ते हाताने डावीकडे उजवीकडे काही सांगेनात. मी हललो नाही. पाच मिनिटं झाली असतील, आचारी चहा घेऊन आला, तोही थांबला. मग मला इतक्या लांबूनही दिसलं. त्यांनी भिंगावरचं झाकण काढलेलं नव्हतं.

मी काठी सरळ धरली.

उत्तरेश्वर